टीव्ही घराला सांगायचा, मोबाईल एकेकाला सांगतो: कापड दुकानाच्या जाहिरातीबद्दल

प्रश्न विचारणाऱ्यांचं लातूरमध्ये कापडाचं जुनं दुकान आहे, उदगीर आणि अंबाजोगाईला शाखा आहेत. मुख्य धंदा लग्नाच्या बस्त्याचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोकल केबलवर आमची तीस सेकंदांची जाहिरात कित्येक वर्षं चालली, तिचं गाणं पोरासोरांच्या तोंडी होतं. आता लोक टीव्हीसमोर बसत नाहीत, म्हणून तीच जाहिरात पैसे भरून यूट्यूब आणि फेसबुकवर टाकली. व्ह्यूज हजारोंनी दिसतात, गल्ल्यात मात्र काही फरक नाही. मग टीव्ही बंद करावा का, आणि ऑनलाइन जाहिरात नेमकी करायची कशी?

मी छत्रपती संभाजीनगरमधून हेच काम करतो. बियाणं, सिमेंट, शिकवण्या, सोनं-चांदी, कापड असे मराठवाड्यातलेच व्यापारी माझ्याकडे येतात आणि हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक जण विचारतो. त्यावर बाजारात मिळणारं नेहमीचं उत्तर असं असतं की जाहिरात छोटी करा, उभी करा, रील बनवा. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. तुमची अडचण जाहिरातीच्या लांबीत नाही. टीव्ही तुमच्यासाठी जे काम गुपचूप करत होता ते मोबाईल आपणहून करत नाही, आणि ते काम आता तुम्हाला स्वतः करावं लागणार आहे.

ते काम कोणतं, ते सांगतो. बस्ता एकटा माणूस बांधत नाही. सुपारी फुटली की नवरीचा शालू, मुलाकडच्यांच्या मानाच्या साड्या, आत्या-मामींच्या साड्या, टॉवेल-टोप्या, आहेराचे कपडे अशी यादी निघते आणि कोणत्या दुकानात जायचं हे घरातले पाच-सात जण मिळून ठरवतात. पैसे वडील देतात, शालू नवरी निवडते, आई आणि चुलती भाव करतात, आणि ‘गेल्या वर्षी आमच्या पोरीचा बस्ता तिथंच बांधला’ असं सांगणारी एखादी मावशी सगळ्यांवर भारी पडते. केबलच्या काळात संध्याकाळी मालिका लागायची, रिमोट एक, खोली एक. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई-टीव्ही मराठी आल्यावर मराठवाड्यातल्या घरांत ही बैठक पक्की झाली. लोकल चॅनेलवर तुमचं गाणं वाजलं की ते आजीनंही ऐकलेलं असायचं, नातीनंही आणि बाहेरच्या खोलीत हिशेब करत बसलेल्या आजोबांनीही. पुढे घरात तुमच्या दुकानाचं नाव कुणी काढलं की बाकीच्यांना ते ओळखीचं असायचं. ‘हे कोण?’ असं विचारायची वेळच यायची नाही. केबलवाल्याला तुम्ही पैसे द्यायचात ते खरं तर या सामाईक ओळखीचे.

मोबाईलवर तीच जाहिरात नवरीला दिसते, तिच्या आईला दिसत नाही. भावाला दिसली तर तो अंगठ्यानं वर सरकवतो. नवरीनं दुकानाचं नाव काढलं तरी बाकी घराला ते अनोळखी असतं, आणि अनोळखी दुकानात लाखभराचा बस्ता कुणी बांधत नाही. हजारो व्ह्यूज येऊनही दुकानात कुणी आलं नाही याचं मला दिसणारं सर्वांत मोठं कारण हे आहे. म्हणून ऑनलाइन जाहिरात करताना पहिला प्रश्न ‘किती जणांनी पाहिली’ हा नको. ‘एकाच घरातल्या किती जणांपर्यंत ती गेली’ हा हवा.

आता टीव्ही बंद करण्याबद्दल. एकदम बंद करू नका, पण केबलवर नेमकं काय विकत घेताय ते आधी तपासा. लोकल केबल चॅनेलची जाहिरात फक्त त्या केबलच्या जोडणीवर दिसते. ज्या घरावर खासगी डीटीएचची छत्री आहे किंवा महिन्याचं भाडं नसलेली डीडी फ्री डिशची छत्री आहे, तिथं तुमची जाहिरात कधीच पोचली नव्हती. औसा, रेणापूर, अहमदपूरच्या खेड्यांतून फिरलात तर घराघरांवर छत्र्याच दिसतील. म्हणजे केबलनं तुम्हाला शहर दिलं आणि खेडं तोंडी प्रसिद्धीनं आलं. मोठ्या वाहिन्यांचा प्रेक्षक बार्क ही संस्था ठरावीक घरांत मीटर बसवून मोजते. लोकल चॅनेलचं असं मोजमाप तुमच्यापर्यंत येत नाही, तिथं केबलवाला सांगेल तो जोडण्यांचा आकडा खरा मानावा लागतो. त्याच्याकडून आजच्या चालू जोडण्यांचा आकडा वॉर्डनिहाय मागून घ्या आणि दर त्या हिशेबानं पुन्हा ठरवा. जोडण्या घटल्या असतील तर दर जुनाच का द्यायचा?

टीव्ही आणि ऑनलाइन ही दोन वेगळी घरं आहेत असंही समजू नका. शहरातल्या बऱ्याच घरांत भिंतीवरच्या टीव्हीतच यूट्यूब चालतं. मालिका टीव्हीवरची असते, पण सून ती दुपारी मोबाईलवर पाहते. क्रिकेटचं पाहा. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव २०२२ मध्ये झाला, तेव्हा भारतातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटलचे २३,७५८ कोटींना. सामना तोच, पण पडदा बदलल्याची किंमत टीव्हीच्या पुढे गेली. आपल्याकडे हा बदल सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर आणि डेटा स्वस्त झाल्यावर वेगानं झाला. भारनियमनानंही हातभार लावला. लाइट गेली की टीव्ही बंद पडतो, मोबाईल चालूच राहतो. ज्या गावांनी कित्येक संध्याकाळी अंधारात काढल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तुमचे व्ह्यूज कुठून आले असतील, याचा माझा अंदाज सांगतो. लातूर शहर आणि भोवतालचे काही किलोमीटर अशी हद्द घालून, वयाची अट न टाकता जाहिरात सोडली असेल, तर ती सर्वांत जास्त कुणी पाहिली असेल? ट्यूशन एरियातल्या पोरापोरींनी. नीट-जेईईच्या तयारीला ठिकठिकाणाहून आलेली ही मुलं वसतिगृहात राहतात आणि अभ्यासातून डोकं वर काढलं की मोबाईल पाहतात. फोनच्या दृष्टीनं ती लातूरकर आहेत, बस्त्याच्या दृष्टीनं नाहीत. यंत्राला तुम्ही सांगितलं ‘लातूरमधले जास्तीत जास्त लोक कमी पैशात दे’ आणि त्यानं इमानानं तेच दिलं. पैसे भरून पोस्ट पसरवायचं ‘बूस्ट’चं बटण नुसतं दाबलं की असंच होतं. त्यामुळे जाहिरात सोडताना उद्दिष्ट म्हणून ‘व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश’ किंवा ‘फोन’ निवडा, वय निदान तेवीस-चोवीसच्या पुढचं ठेवा, आणि चाळिशी-पन्नाशीच्या बायकांसाठी वेगळी जाहिरात चालवा. बस्त्यात शेवटचा शब्द त्यांचा असतो आणि त्यांना कुणीच जाहिरात दाखवत नाही.

व्ह्यू या आकड्याचाही हिशेब समजून घ्या. यूट्यूबवर ‘स्किप’ करता येणारी जाहिरात तीस सेकंद, किंवा त्याहून छोटी असेल तर पूर्ण पाहिली, किंवा तिच्यावर कुणी बोट ठेवलं, तर व्ह्यू धरायची पद्धत आहे. शॉर्ट्सवर मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजतात. जाहिरात ‘दिसली’ कधी म्हणायची याचा उद्योगात मानलेला किमान निकषही असा आहे की व्हिडिओचा निम्मा भाग पडद्यावर सलग दोन सेकंद असला म्हणजे पुरे. निम्मी जाहिरात, दोन सेकंद! त्यामुळे एका जागचे दहा हजार आणि दुसऱ्या जागचे दहा हजार यांची बेरीज करून कुणी अहवाल दिला तर तो बाजूला ठेवा आणि त्यातून किती फोन आले ते विचारा.

हद्दीबद्दल आणखी एक. गुगलच्या जाहिरातीत ठिकाण निवडलं की मुळातली सेटिंग अशी असते की त्या ठिकाणी असलेले आणि त्या ठिकाणात ‘रस दाखवणारे’ असे दोन्ही लोक धरले जातात. म्हणजे पुण्यात बसून लातूरबद्दल काही शोधणाऱ्यालाही तुमची जाहिरात दिसू शकते. बरेच जण हा पैसा वाया गेला म्हणून ती सेटिंग बंद करायला सांगतात. तुमच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही. आपल्याकडची किती पोरं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, मुंबईला नोकरीला आहेत! लग्न गावी होतं, बस्ता गावाजवळ बांधला जातो, पण बऱ्याचदा खर्च तोच पोरगा करतो. तेव्हा पुण्यातल्या लातूरकरांसाठी मुद्दाम वेगळी जाहिरात करा. ‘बस्ता लातूरला बांधा, तुम्ही व्हिडिओ कॉलवर बसा’ एवढंच त्यात सांगा. मात्र तिचा खर्च वेगळा लिहा, म्हणजे लातूरच्या जाहिरातीच्या हिशेबात तो मिसळणार नाही.

अंबाजोगाईच्या शाखेसाठी दुसरा विचार लागेल. केज, धारूर, वडवणी, परळी या पट्ट्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. घराला कुलूप लागतं, टीव्ही आत राहतो, मोबाईल मात्र कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, सोबत जातो. केबलच्या काळात ही माणसं पाच-सहा महिने कुठल्याही जाहिरातवाल्याच्या नजरेबाहेर असायची. आता कारखान्याच्या फडावरून रात्री ते गावाकडचे व्हिडिओ पाहतात. गुढीपाडव्याच्या सुमारास परततात आणि त्यानंतर त्यांच्याकडची लग्नं निघतात. फक्त अंबाजोगाईच्या हद्दीत जाहिरात लावली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ती त्यांच्यापर्यंत जाणारच नाही, आणि एप्रिलमध्ये लावली तर ठरवाठरवी होऊन गेलेली असेल. म्हणून फेब्रुवारीपासून सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या कारखाना पट्ट्यात थोडी जाहिरात चालवून पाहा, बोली बीडची ठेवा, पत्ता अंबाजोगाईचा.

हे सांगताना एक विनंतीही करतो. या माणसांच्या हातातला पैसा म्हणजे मुकादमाकडून घेतलेली उचल असते, म्हणजे कर्ज. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ अशी हप्त्याची जाहिरात त्यांच्यावर सोडू नका. तंत्र आज इतकं बारीक झालंय की गरजू माणूस नेमका हेरून त्याला आणखी कर्जात ढकलणं सहज जमतं. ते जमतं म्हणून करायचं नसतं. परवडणाऱ्या भावात लग्नाचे कपडे दाखवा, भाव स्पष्ट लिहा, आणि तेवढ्यावर थांबा.

आता प्रत्यक्ष जाहिरातीकडे येऊ. तुमची जुनी फिल्म मी पाहिली. सुरुवातीला गणपती, मग दुकानाची पाटी फिरत येते, मग दिवे, मग साड्या, शेवटी नाव आणि पत्ता. टीव्हीवर हे चालायचं कारण प्रेक्षक उठून जाणार नव्हता. यूट्यूबवर पाच सेकंदांनी ‘स्किप’ येतं, आणि तुमची पहिली साडी त्यानंतर दिसते. नव्या जाहिरातीत पहिल्या सेकंदाला साडी हवी, तीही घडीतली नको, अंगावरची हवी. दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला दुकानाचं नाव आणि गाव. टीव्हीवर नाव शेवटी यायचं, इथं आधी. म्हणजे कुणी पाचव्या सेकंदाला पुढे सरकलं तरी नाव कानावर पडून गेलेलं असेल आणि तुम्ही व्ह्यूप्रमाणे पैसे भरत असाल तर त्याचे पैसेही बहुतेक वेळा लागणार नाहीत.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात. घरात सासरे बसलेत, एसटीत शेजारी माणूस आहे. त्यामुळे जे बोलायचं ते मोठ्या मराठी अक्षरांत पडद्यावरही लिहा. बारीक, नक्षीदार अक्षर नको, पन्नाशीच्या बाईला चष्म्याशिवाय वाचता यायला हवं. भाव लिहा. कापड व्यापाऱ्यांना भाव लिहायला नको वाटतं हे मला माहीत आहे, शेजारचा दुकानदार वीस रुपये कमी लावेल ही भीती असते. पण ज्या जाहिरातीत भाव आहे तिच्यावरून येणारं माणूस घेण्याच्या तयारीनं येतं, आणि ज्या जाहिरातीत नाही तिच्यावर नुसते ‘किंमत?’ असे संदेश येऊन पडतात. ‘अकरा साड्यांचा बस्ता, अमुक रुपयांपासून’ असं पूर्ण बस्त्याच्या भाषेत लिहिलंत तर आणखी चांगलं, कारण घर त्याच भाषेत विचार करतं.

लांबीचं थोडक्यात: यूट्यूबवर सहा सेकंदांपर्यंतची, न वगळता येणारी जाहिरात मिळते. तुमच्या गाण्याची जी ओळ लोकांना पाठ आहे तेवढीच त्यात वाजवा. ज्यांनी ते गाणं लहानपणी केबलवर ऐकलं ती पिढी आज स्वतःच्या किंवा भावंडांच्या लग्नाचा बस्ता बांधतेय. ती चाल ही तुमची कमाई आहे. तिचं नवं, चकचकीत रूप करायला जाऊ नका. रील आणि शॉर्ट उभ्या पडद्यासाठी वेगळे चित्रित करा, आडवी फिल्म कापून उभी करू नका, त्यात नवरीचं डोकं तरी जातं किंवा साडीचा काठ तरी.

आवाज कुणाचा? पुण्याच्या स्टुडिओतला भारदस्त आवाज टीव्हीवर शोभायचा. मोबाईलवर तो सरळ ‘ही जाहिरात आहे’ असं सांगतो आणि अंगठा हलतो. तुमच्या काउंटरवरचा जुना सेल्समन गिऱ्हाइकाशी जसं बोलतो, ‘ताई, हा काठ बघा, हात लावून बघा’, तसं त्याला बोलू द्या. लातूर-उदगीरची बोली राहू द्या. आणि आपल्या शहरांत उर्दू-दखनी बोलणारी मोठी वस्ती आहे, त्यांच्या घरीही लग्नं आहेत, त्यांची खरेदी वेगळी आणि मोसमही वेगळा. त्यांच्यासाठी वेगळी जाहिरात करणं टीव्हीवर परवडत नव्हतं, इथं परवडतं. तसंच नांदेड-उदगीरकडच्या तांड्यांवरच्या बंजारा कुटुंबांचं. एकच जाहिरात सगळ्यांना दाखवायची सक्ती आता उरलेली नाही.

पण वेगवेगळं दाखवायच्या नादात मूळ काम विसरू नका. एका घरातल्या सगळ्यांपर्यंत पुन्हा पोचायचं आहे, आणि त्याची आपल्याकडची वाट म्हणजे घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नवरीनं जाहिरात पाहिली की तिच्या हातात असं काहीतरी पडलं पाहिजे जे ती आईला आणि मावशीला पाठवेल. ‘आम्ही लई भारी’ असं सांगणारा व्हिडिओ कुणी घरी पाठवत नाही. बस्त्याची यादी मात्र पाठवतात. कुणाकुणाला काय घ्यायचं, मानाच्या साड्या किती, फेटे किती, साधारण खर्च किती, अशी नीट यादी एका चित्रात करा, खाली दुकानाचं नाव, तिन्ही गावांचे पत्ते आणि फोन. ती यादी घराघरांत फिरते, कारण तिचा उपयोग आहे. शिवाय ती पाहून वडीलही बोलू लागतात आणि आजीही. पूर्वी टीव्हीसमोर जी बैठक व्हायची ती आता त्या यादीभोवती होते.

विकत घेतलेल्या नंबरांवर घाऊक संदेश पाठवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. व्हॉट्सअ‍ॅपनं फॉरवर्डवर मर्यादा घातल्याच आहेत, भारतात २०१८ पासून एका वेळी पाच चॅटपुरता, आणि वारंवार फिरलेला संदेश २०२० पासून एकाच चॅटला. लोकांनी तक्रार केली की नंबर बंद होतो, आणि तो तुमच्या पाटीवरचा नंबर असेल तर मोठंच नुकसान. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झालाय, त्याचा पाया संमती हा आहे. बिल करताना गिऱ्हाइकाला विचारून नंबर घ्या. जो आपणहून देतो तोच पुढे पाहुण्यांना घेऊन येतो.

यानंतरचा भाग व्यापाऱ्यांना जाहिरातीचा वाटत नाही, मला तो निम्म्याहून जास्त वाटतो. टीव्हीची जाहिरात बोलून गप्प व्हायची. ऑनलाइन जाहिरातीला लोक उलट विचारतात: रात्री साडेदहाला, जेवणं उरकल्यावर, ‘हा शालू मरून रंगात आहे का?’ सकाळी अकराला दुकान उघडल्यावर उत्तर गेलं तर तोवर त्या बाईनं आणखी चार दुकानांना विचारलेलं असतं. तुमच्या जाहिरातीच्या खर्चात एका माणसाचा पगार धरा. त्याला माल माहीत हवा, बोली गोड हवी, आणि संध्याकाळी सात ते अकरा त्याचं काम हेच. त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग तयार असू द्या. नुसता फोटो न पाठवता साडी हातात धरून, दिवसाच्या उजेडात काढलेला छोटा व्हिडिओ पाठवू द्या. शेवटी ‘बस्त्याला कधी येताय, किती जण येणार?’ असं विचारून दिवस ठरवू द्या. दिवस ठरला म्हणजे जाहिरातीनं तिचं काम केलं.

आणि खेड्यातल्या माणसाच्या मनात ऑनलाइनबद्दल भीती आहे, ती खरीही आहे. दुसऱ्यांच्या साड्यांचे फोटो लावून, पैसे घेऊन पसार होणारी खोटी पानं पुष्कळ आहेत. म्हणून प्रत्येक जाहिरातीत दुकानाचा दर्शनी भाग, गादीवर बसलेला मालक आणि चौकाची ओळख पटेल अशी खूण दिसू द्या. तुमचा चेहरा या भागात ओळखीचा आहे, तो लपवून मॉडेलच्या मागे उभं राहण्यात काय अर्थ?

स्थानिक यूट्यूबर आणि रीलवाल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लवकरच कुणीतरी तुमच्याकडे येईल. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर आपल्या खेड्यापाड्यातली ही मुलं इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर आली. गुणी मुलं आहेत, गावाचा विश्वास त्यांच्यावर आहे. त्यांच्याकडून जरूर करून घ्या, पण पैसे किंवा साड्या देऊन केलेला व्हिडिओ ‘जाहिरात’ आहे असं त्यात मराठीत, ठळक लिहायला लावा. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये याची नियमावली केली आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभुलीसाठी पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे, तो जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागू शकतो.

मला दंडापेक्षा दुसरी काळजी वाटते. शेतीच्या औषधांत आणि खतांत मी हे रोज पाहतो. ओळखीचा पोरगा शेतात उभा राहून ‘आमच्याकडं सोयाबीनला उतारा दुप्पट आला’ म्हणतो, पैसे घेतल्याचं सांगत नाही, आणि त्यावर विसंबणाऱ्याचा एक खरीप जातो. तो शेतकरी पुन्हा कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. कापडात एवढं नुकसान होत नसेल, पण यंत्रमागावरची साडी ‘पैठणी’ म्हणून दाखवली तर पैठण-येवल्याच्या हातमागावर बसलेल्या विणकराचं पोट मारलं जातं. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. तुमच्याकडे दोन्ही प्रकार असतील तर दोन्ही दाखवा, काय काय आहे ते लिहा, भावातला फरक का आहे ते विणकरासह दाखवा. असा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत पाहतात, हा माझा अनुभव आहे.

परिणाम मोजायचा कसा? येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ‘कुठून कळलं’ हे विचारून वहीत लिहा, आणि एकट्या वडिलांना विचारू नका, सोबतच्या बायकांना विचारा. केबल, यूट्यूब, फेसबुक, रिक्षाचा भोंगा, प्रत्येकासाठी वेगळा फोन नंबर छापा, सिमकार्ड महाग नाहीत. सर्वांत भरवशाची रीत म्हणजे एका मोसमात उदगीरला ऑनलाइन जाहिरात पूर्ण ताकदीनं चालवा आणि अंबाजोगाईला जुन्या पद्धतीनंच राहू द्या, कारखाना पट्ट्यातली जाहिरातही त्या मोसमापुरती थांबवा. मग दोन्ही शाखांची गेल्या वर्षाशी तुलना करा. तुलना करताना महिन्यांवर जाऊ नका, मुहूर्तांवर जा. उदाहरणार्थ २०२६ मध्ये मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, त्यात लग्नं नसतात. त्या मे महिन्याची आधीच्या मे महिन्याशी तुलना केली तर उत्तम जाहिरातही फसलेली दिसेल. सोयाबीन-तुरीचा भावही लक्षात ठेवा, दर पडला की बस्ता आखडतोच.

पैशाची विभागणी मी अशी करेन. जाहिरातीच्या दहा रुपयांपैकी दोन केबलवर, तेही फक्त लग्नसराईत आणि सणांना. चार ऑनलाइन जाहिरातींवर. दोन संदेशांना उत्तर देणाऱ्या माणसावर. एक भिंती, बसस्थानक आणि आठवडी बाजाराच्या रिक्षेवर, कारण मोबाईलवर पाहिलेलं नाव रस्त्यात पुन्हा दिसलं की घराला ते खरं वाटतं. आणि एक रुपया जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला. शेवटचा रुपया हिशेबापेक्षा मनापासून सांगतोय. आपल्या भागातल्या जाहिरातीचा पैसा दोन परदेशी कंपन्यांकडे चाललाय. पाणी, पीकविमा, रस्ते यांची बातमी देणारी जिल्ह्यातली पत्रं त्या पैशावर जगत होती. ती बंद पडली तर तुमचं-माझं गाऱ्हाणं कोण छापणार? ऑनलाइन जाहिरातींवर अठरा टक्के जीएसटी लागतो, खात्यात तुमचा जीएसटी क्रमांक घाला म्हणजे त्याची वजावट मिळेल, बऱ्याच व्यापाऱ्यांचं हे करायचं राहून जातं.

काम सुरू करण्याआधी आजच एक गोष्ट करा. फेसबुकचं पान, इन्स्टाग्राम, यूट्यूब, गुगलवरची दुकानाची नोंद आणि जाहिरातीचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे ते पाहा. बहुतेक ठिकाणी ते जाहिरात लावणाऱ्या पोराच्या स्वतःच्या ईमेलवर असतं. तो उद्या पुण्याला नोकरीला गेला की पान, फॉलोअर्स आणि आजवरची सगळी आकडेवारी त्याच्याबरोबर जाते. मालकी दुकानाच्या ईमेलवर घ्या, त्याला फक्त काम करण्यापुरती परवानगी द्या, पैसे तुमच्या कार्डावरून जाऊ द्या, आणि तिन्ही शाखांची गुगल नोंद वेगवेगळी, बरोबर वेळ आणि फोनसह करून घ्या. बस्त्याला निघालेलं घर गाडीत बसल्यावर आधी तिथंच पत्ता शोधतं.